पाचशे पावलं, एक रात्र आणि माझी फसलेली कंट्रोल पट्टी

सिनॉप्सिस लिहिताना आपण सगळेच एक गोष्ट करतो. एखादा भरपूर सायटेशन असलेला पेपर सापडला की त्यातली पद्धत जशीच्या तशी उचलतो. मीही तेच केलं. म्हणून आज एका गाजलेल्या पद्धतीची चिकित्सा करूया. ती वाईट आहे म्हणून नाही, तर चांगली असूनही आपल्याकडे कुठे अडते हे कळावं म्हणून.

आधी विषय. अमेरिकेतल्या सरकारी जंगलांत बऱ्याच ठिकाणी ठरवून दिलेल्या कॅम्पसाइटच्या बाहेर, नळ-संडास काही नसताना, डोंगरात कुठेही तंबू ठोकून राहता येतं. याला ‘विखुरलेला मुक्काम’ म्हणूया. अशा मुक्कामाने जंगलाचं किती नुकसान होतं, हे मोजणारी एक अख्खी शाखा आहे: रिक्रिएशन इकॉलॉजी. तिथलं मोठं नाव डेव्हिड कोल. ओरेगॉनमधल्या ईगल कॅप भागातल्या मुक्कामाच्या जागांचा अभ्यास त्यांनी 1982 मध्ये प्रसिद्ध केला. त्यातून दिसलं ते असं की वर्षातून मोजक्याच रात्री वापरलेल्या जागेवरचंही बरंचसं हिरवं आच्छादन गेलेलं असतं. पुढे वापर कितीतरी वाढला, तरी नुकसान त्या प्रमाणात वाढत नाही. म्हणजे आलेख सरळ रेषेत चढत नाही. आधी झपकन वर जातो आणि मग आडवा होतो.

यातून निघालेला नियम सोपा आहे. गर्दीच्या ठिकाणी सगळ्यांना ठरलेल्या जागांवरच बसवा. निर्मनुष्य ठिकाणी मात्र पांगवा, म्हणजे कुठल्याच जागेवर पहिला मोठा घाव बसणार नाही.

हा घाव प्रयोगात मोजायचा कसा? त्यासाठी कोल आणि बेफील्ड यांनी 1993 मध्ये एक प्रमाणित पद्धत मांडली. अर्धा मीटर रुंद, दीड मीटर लांब पट्ट्या आखायच्या. त्यावरून 25, 75, 200 आणि 500 वेळा चालायचं. एक पट्टी न तुडवता ठेवायची, ती कंट्रोल. दोन आठवड्यांनी आणि वर्षानंतर आच्छादन मोजायचं. कंट्रोल पट्टीत आपोआप जो बदल होतो, त्याने आकडा दुरुस्त करायचा. खर्च जवळपास शून्य, कुणालाही करता येते आणि वेगवेगळ्या देशांतले निकाल शेजारी ठेवून पाहता येतात. पद्धत अशीच असावी. इथपर्यंत माझी काहीच तक्रार नाही.

आता माझी फजिती. जऊळक्याजवळच्या टेकड्यांवर, ई-क्लास जमिनीच्या एका तुकड्यात, डिसेंबरात मी खुंट्या ठोकून सुतळ्या बांधल्या. वाळलेली कुसळी, अधूनमधून पळस, वरच्या अंगाला साग. मैत्रीण मोजत होती, मी चालत होते. दोन आठवड्यांनी गेलो तर कंट्रोल पट्टी शेळ्यांनी साफ केलेली. तुडवलेलं गवत आडवं, धुळीने माखलेलं. त्याला त्यांनी फारसं तोंड लावलं नव्हतं.

गणित बघा. कंट्रोलचं आच्छादन 80 टक्क्यांवरून 20 वर आलं, म्हणजे दुरुस्तीचा गुणक 4. तुडवलेली पट्टी 80 वरून 40 वर, म्हणजे 50 टक्के उरलं. गुणिले 4. उत्तर 200 टक्के. माझ्या वहीप्रमाणे माणसाच्या पायाखाली गवत दुप्पट झालं होतं!

सूत्र चुकलं नव्हतं. सूत्रामागे एक गृहीतक होतं आणि ते मी वाचलं नव्हतं: कंट्रोल पट्टीवर जे घडेल, तेच बाकीच्या पट्ट्यांवरही घडेल. जिथे चराई फारशी नाही, तिथे हे बरंचसं खरं असतं. आपल्या ई-क्लासवर गुरं, सरपण, वणवा, तेंदूपानाचा हंगाम हे सगळं असतं, आणि ते पट्टी बघून पट्टी निवडतं.

दुसरी अडचण ऋतूची. सागाच्या जंगलात एप्रिलमध्ये जमिनीवर हिरवं जवळपास नसतंच. तेव्हा आच्छादन मोजलं तर ‘परिणाम नाही’ असं उत्तर येईल, आणि ते छापूनही येईल. पण दबलेली माती, चिरडलेले कोंब यांचा हिशोब पावसाळ्यातच लागतो.

तिसरी अडचण मला सगळ्यात गंभीर वाटते. जंगलात राहणाऱ्यांना जगभर सांगितला जाणारा एक नियम आहे: टिकाऊ पृष्ठभागावर तंबू लावा, म्हणजे खडक, खडी, वाळलेलं गवत. हा सल्ला कासच्या सड्यावर लावून पाहा. जांभ्या खडकावरचा बोटभर मातीचा थर, हेच तिथल्या गेंद आणि सीतेची आसवं यांसारख्या वनस्पतींचं घर आहे. पावसाळ्याबाहेर ते घर नुसता उघडा खडक दिसतं. पश्चिम घाटातल्या ज्या जागा 2012 मध्ये जागतिक वारशात गेल्या, त्यांत कास आहे. तिथे ‘टिकाऊ’ दिसणारी जागाच सगळ्यात नाजूक निघते.

चौथा मुद्दा माझ्या लक्षात आणून दिला तो एका मेंढपाळाने. सुतळ्या बघून ते थांबले.

“ताई, ह्या दोऱ्या काहून बांधून राह्यल्या?”

मी सांगितलं. ते हसले. “एका जागी लय राती बसलं तं जागा मरते. म्हणून आमी सरकत राहतो.”

एका माणसाचं बोलणं म्हणजे डेटा नव्हे, हे मान्य. पण कोलच्या आलेखातली अर्धी गोष्ट त्यात आहे. मेंढपाळांचा मुक्काम विखुरलेलाच असतो. शेतात मेंढ्या बसवायच्या, लेंडीखत द्यायचं, बदल्यात धान्य किंवा पैसे घ्यायचे आणि पुढच्या वावरात सरकायचं. माधव गाडगीळ आणि कैलाशचंद्र मल्होत्रा यांनी गवळी धनगरांच्या जगण्याचा पर्यावरणीय अभ्यास 1982 मध्येच प्रसिद्ध केला, म्हणजे कोलचा अहवाल आला त्याच वर्षी. पण एक संशोधन ‘रिक्रिएशन’च्या कप्प्यात गेलं, दुसरं ‘पशुपालन’ाच्या. माझ्या सिनॉप्सिसमध्ये पहिलं होतं, दुसरं नव्हतं.

याने फरक पडतो. 2006 चा वनहक्क कायदा भटक्या पशुपालकांचा हंगामी वापराचा हक्क मान्य करतो. उद्या माझ्यासारखीच कुणी ‘मुक्कामाने जंगलाचं नुकसान’ असा तक्ता छापला, त्यात वीकेंडचे तंबू आणि मेंढपाळांचा मुक्काम एकाच रकान्यात टाकले, तर तो तक्ता कुणाला जंगलाबाहेर काढायला वापरला जाईल? तंबूवाला दुसरा डोंगर शोधेल. मेंढपाळाचं काय?

म्हणून पद्धत टाकून द्यायची का? नाही. मी पट्ट्या ठेवल्या, पण आता प्रत्येक ठिकाणी दोन कंट्रोल आहेत: एक काटेरी कुंपणातली, एक उघडी. मोजणी पावसाळ्याच्या शेवटी. आच्छादनासोबत मातीचा दाबही. आणि कोण, केव्हा, किती रात्री राहिलं याची नोंद गावातल्या लोकांना विचारून.

तुम्ही पद्धत उचलाल तेव्हा तीन प्रश्न विचारा. ती कुठल्या मातीत आणि कुठल्या ऋतूत तयार झाली? तिची कंट्रोल आपल्याकडे कंट्रोल राहील का? आणि निकाल आल्यावर त्याची किंमत कोण मोजणार? पहिले दोन प्रश्न व्हायव्हात कुणीतरी विचारेलच. तिसरा बहुधा कुणी विचारत नाही, तो आपला आपणच विचारायचा.