सुदाम्याचे पोहे आणि जपानी मांजर

श्रीपाद कृष्ण कोल्हटकरांच्या ‘सुदाम्याचे पोहे’ या ग्रंथाविषयी आमचे मत आजही एकमुखी नाही. मराठी विनोदाचे उगमस्थान मानल्या जाणाऱ्या या ग्रंथातील पुष्कळ पाने वाचताना आम्हांस कंटाळा येतो. शिक्षकाच्या पेशातील माणसाने हे कबूल करणे अवघड खरे. परंतु ते लपवून केलेली स्तुती प्रामाणिक ठरली नसती.

१९०२ पासून ‘विविधज्ञानविस्तारा’तून हे लेख येऊ लागले. वऱ्हाडात वकिली करणाऱ्या या गृहस्थाने सुदामा, बंडूनाना व पांडूतात्या ही त्रयी हाताशी धरून धर्माच्या नावाखाली चालणाऱ्या रूढींचा थट्टेने समाचार घेतला. लेख सुटे, निरनिराळ्या वेळी लिहिलेले, म्हणून त्यांचा कस सारखा नाही, असे समर्थन करता येईल. आमची तक्रार निराळी आहे. ती आहे कोट्यांविषयी.

वऱ्हाड पैनगंगेपलीकडे आणि आम्ही अलीकडे, आदिलाबाद जिल्ह्यात. येथील मराठी वर्गात बसणारे मूल बाजारात तेलुगू बोलते. कोणाच्या घरी गोंडी असते. अशा वर्गात आम्ही हा ग्रंथ अनेक वर्षे वाचून दाखविला. शब्दाचे दोन अर्थ फळ्यावर लिहून होईपर्यंत हसू पार विरून जाई. ‘चोरांचे संमेलन’ वाचताना मात्र काही समजावावे लागले नाही. चोरांनी सभ्य गृहस्थांप्रमाणे संमेलन भरवावे, एवढ्यानेच वर्ग हसू लागे. (संमेलनांस हौसेने जाणाऱ्या आम्हां परिषदेच्या सभासदांस तो लेख अधिक बोचावा.) तेव्हापासून जे समजावावे लागत नाही तेच वाचावे आणि बाकीचे गाळावे, असा आम्ही दंडक घातला.

नात्सुमे सोसेकी यांच्या मांजराने या दंडकास धक्का दिला. ही जपानी कादंबरी १९०५-०६ मध्ये ‘होतोतोगिसु’ मासिकात क्रमशः आली. मुळात एकच गोष्ट लिहावयाची होती. ती वाढत वाढत अकरा प्रकरणांची झाली आणि वाढीव भाग जागोजाग सैल पडला. कुशामी या इंग्रजीच्या शिक्षकाच्या घरची मित्रमंडळींची संभाषणे इतकी लांबतात की, आम्ही दोनदा पुस्तक मिटून ठेवले. पण नववर्षाच्या चिकट तांदुळपिठ्यात मांजराचे दात रुततात आणि ते मागच्या पायांवर नाचू लागते, हा प्रसंग इंग्रजी भाषांतरातूनही जसाच्या तसा पोहोचतो. येथवर आमचा दंडक खराच ठरतो.

परंतु कादंबरीचे नावच पाहा. ‘वागाहाई’ हे त्यातील सर्वनाम मोठ्या माणसाच्या तोऱ्याचे आहे. निनावी मांजर ते स्वतःस लावते, यातच अर्धा विनोद आहे. इंग्रजीत तेथे साधे ‘मी’ उरते. मराठीत मात्र ‘आम्ही’ म्हटले की तोरा आलाच. (हेडमास्तरही हेच सर्वनाम वापरतात, हे चाणाक्ष वाचकांनी ताडले असेल.) म्हणजे भाषांतरात जे प्रथम गळते तेच आम्ही वर्गात गाळीत होतो. जपानीस परके असलेल्या वाचकाचा नाइलाज असतो. आमच्या मुलांस त्यांच्याच भाषेत परके करण्याचा अधिकार आम्हांस कोणी दिला?

यामुळे कोल्हटकरांचे नीरस लेख सरस ठरत नाहीत. एका वाक्यात तीन कोट्या आल्या की तिसरी आम्हांस अजूनही नकोशी वाटते आणि पात्रांचा जीव तीत गुदमरतो, हा आक्षेप आम्ही मागे घेत नाही. तथापि यंदा गाळलेले एक पान आम्ही पुन्हा वर्गात नेले. तासभरात दोनच कोट्या झाल्या. तिसरी सांगण्यापूर्वीच मागच्या बाकावरील एक मुलगी हसली आणि तिने ती शेजारणीस आधी तेलुगूतून, मग मराठीतून समजावली. उरलेले अर्धे पान पुढच्या तासासाठी ठेवले आहे.