तंजावरी नाटकांचे संविधानक : ठरलेला शेवट आणि मोकळी जागा

तंजावरच्या मराठी नाटकांविषयी मराठी समीक्षेत जी चर्चा झाली, ती बहुतांशी अग्रक्रमाची चर्चा आहे. विष्णुदास भावे यांचे ‘सीतास्वयंवर’ १८४३ साली सांगलीत झाले. तंजावरचा शहाजी राजा १६८४ पासून १७१२ पर्यंत राज्य करीत होता आणि ‘लक्ष्मीनारायणकल्याण’ हे मराठी नाटक त्याच्या नावावर आहे. तेव्हा पहिले नाटक कोणाचे, हा वाद उपस्थित झाला. हा वाद निरर्थक नाही. परंतु त्यात नाटक हे केवळ पुराव्याचा कागद होऊन बसते. ही नाटके रचली कशी गेली, हा प्रश्न मागे पडतो. आणि कधी विचारला गेलाच, तर त्यांना संविधानक नाही, एवढ्या एका वाक्यात त्याचा निकाल लावला जातो.

हा निकाल ज्या कसोटीवर आधारलेला आहे, ती कसोटी उत्कंठेची आहे. पुढे काय होणार हे प्रेक्षकाला ठाऊक नसावे, संघर्ष चढत जावा आणि शेवटी त्याचा अनपेक्षित परंतु अटळ उलगडा व्हावा, ही ती अपेक्षा. ‘कल्याण’ म्हणजे विवाह. ज्या नाटकाच्या शीर्षकातच विवाह सांगितला आहे, त्याचा शेवट प्रेक्षकाने पडदा उघडण्यापूर्वीच जाणलेला असतो. या कसोटीवर असे नाटक उतरणे शक्यच नाही. तथापि, शेवट ठाऊक असताना प्रेक्षक बसून राहतो, याचा अर्थ तो निराळ्याच प्रश्नाचे उत्तर शोधीत असतो. काय होणार, हा त्याचा प्रश्न नसतो. या खेपेस ते कसे होणार, हा असतो.

ही रचना आजच्या वाचकाला अपरिचित नाही. दूरचित्रवाणीने ती घरोघर पोचविली. चिं. वि. जोशी यांच्या कथांवरून मुंबई दूरदर्शनने केलेल्या मालिकेत दिलीप प्रभावळकरांचे चिमणराव आणि बाळ कर्वे यांचे गुंड्याभाऊ दर भागात नव्या घोटाळ्यात सापडत. भाग संपताना घर पूर्ववत होई. अमेरिकेत १९५१ ते १९५७ या काळात गाजलेल्या ‘आय लव्ह लूसी’ या विनोदी मालिकेचा सांगाडाही तोच होता. गंभीर मालिकांत रामानंद सागर यांचे ‘रामायण’ १९८७-८८ मध्ये प्रसारित झाले, तेव्हा रावणाचे काय होणार याविषयी कोणालाही संशय नव्हता. अशा कृतीचे मर्म शेवटात नसते. ठरलेल्या सांगाड्यात जी एक जागा मोकळी सोडलेली असते, तीत या खेपेस काय भरले, यात ते असते.

तंजावरला ही रचना केवळ परंपरेने आली असे नव्हे. तिला तेथील परिस्थितीचेही कारण होते. सतराव्या शतकाच्या आठव्या दशकात व्यंकोजी भोसल्याने तेथे मराठी सत्ता स्थापिली, तेव्हा प्रजा तमिळ होती, नायकांच्या दरबारातून आलेले काव्य-संगीत तेलुगू होते, विद्या संस्कृतात होती आणि राजकुळ मराठी बोलत होते. एका भाषेतील सूक्ष्म गुंतागुंतीवर उभे असलेले संविधानक अशा सभेत निम्म्या प्रेक्षकांस अगम्य झाले असते. कथा ठाऊक असली की भाषा बदलता येते. शहाजीच्या ‘पंचभाषाविलास’ नाटकात द्रविड, आंध्र, महाराष्ट्र आणि उत्तर देश येथील राजकन्या कृष्णावर अनुरक्त होतात आणि प्रत्येक जण आपापल्या भाषेत बोलते. पाचवी भाषा संस्कृत. कथानक जवळजवळ नाहीच. परंतु त्याच्या जागी जे आहे ते कमी मोलाचे नाही : भाषांचे सहजीवन हाच तेथे नाट्यविषय झाला आहे.

मोकळ्या जागेचा सर्वांत धीट उपयोग दुसऱ्या सरफोजीच्या नावावरील ‘देवेंद्र कुरवंजी’ या मराठी नाटकात दिसतो. कुरवंजी हा तमिळ नाट्यप्रकार. त्याचे टप्पे ठरलेले : नायिका नायकाची मिरवणूक पाहते, विरहाने व्याकुळ होते, मग कुरव जमातीची भविष्य सांगणारी स्त्री येते, आपण हिंडलेल्या डोंगरांचे व देशांचे वर्णन करते, नायिकेचा हात पाहून मीलनाचे भाकीत करते, शेवटी तिचा नवरा तिला शोधीत येतो. महाराष्ट्रातील वाचकाला येथे एकनाथांच्या भारुडांतील जोशी आठवेल. भविष्याच्या निमित्ताने दुसरेच काही सांगण्याची युक्ती दोहोंकडे आहे. तमिळ कुरवंजीत देशवर्णनाच्या जागी त्या त्या क्षेत्राचे डोंगर आणि नद्या येतात. सरफोजीने त्याच जागी जगाचा भूगोल गाण्यांतून आणला. १७९९ च्या तहानंतर ज्या राजाची सत्ता व्यवहारतः तंजावरच्या किल्ल्यापुरती उरली होती, त्याच्या नाटकात एक भटकी स्त्री खंडे आणि देश सांगते, ही गोष्ट लक्षणीय आहे. संविधानकाचा एकही सांधा न हलविता नाटकाचा आशय बदलला आहे.

शहाजीचे तेलुगू प्रहसन ‘सतीदानशूरमु’ याहून पुढे जाते. तमिळ शैव परंपरेत इयर्पगै नायनाराची कथा प्रसिद्ध आहे : ब्राह्मणाच्या वेषात आलेला शिव त्याची पत्नी मागतो आणि तो ती देतो. प्रहसनात उत्सवासाठी आलेला मोरोभट नावाचा ब्राह्मण अस्पृश्य मानल्या गेलेल्या जातीतील एका विवाहितेवर लुब्ध होतो. शिष्य त्याला शास्त्र सांगून परावृत्त करू पाहतो. आणि पती मात्र दानास सिद्ध होतो. सांगाडा पुराणकथेचाच आहे. पण मागणारा याचक येथे वेषांतर केलेला देव नाही, खराखुरा ब्राह्मण आहे. एवढ्या एका फरकाने भक्तिकथेचे प्रहसन होते, आणि औदार्याचा मान वर्णश्रेष्ठाकडून निघून वर्णबाह्याकडे जातो. मोरोभट हे नाव मराठी वळणाचे आहे, हेही विसरता कामा नये. मराठी राजाने तेलुगूत लिहिताना हसण्याचा विषय आपल्याच माणसांतून निवडला.

या रचनेच्या मर्यादा झाकण्याचे कारण नाही. मोकळ्या जागेत केवळ यादी भरली की नाटकाचे पाठांतर होते, आणि सरफोजीचे नाटक त्या काठावर वावरते. दुसरी मर्यादा अधिक गंभीर आहे. ज्या कथेचा विवाह ठरलेला, तीत नायिकेच्या नकाराला जागाच नसते. विरह तिचा, निर्णय कथेचा. पात्र वाढत नाही, कारण वाढलेले पात्र पुढच्या खेळात बसणार नाही. दूरचित्रवाणीच्या मालिकांनाही हाच शाप आहे. कुरवंजीत मात्र ज्या स्त्रीला आपला संसार, आपला प्रवास आणि नवऱ्याला द्यायचे उत्तर असते, ती नायिका नसून भविष्य सांगणारी भटकी स्त्री असते, ही या प्रकाराने स्वतःच ठेवलेली पळवाट होय.

तंजावरी नाटकांना संविधानक नाही, हे म्हणणे म्हणून टिकत नाही. त्यांना संविधानक आहे. ते झाकलेले नाही, एवढेच. ते पाहण्यासाठी दोन सवयी सोडाव्या लागतील. एक, उत्कंठेला एकमेव नाट्यमूल्य मानण्याची. आणि दुसरी, मराठी नाटके तेवढी आपली म्हणून बाजूला काढून त्यांची तमिळ व तेलुगू भावंडे परक्यांच्या अंगणात सोडण्याची. भावे यांनीही कर्नाटकातील भागवत मंडळींचे खेळ पाहून आपला मार्ग शोधला. मराठी रंगभूमीच्या दोन्ही प्रारंभांना दक्षिणेचा शेजार आहे. पहिला मान कोणाचा, हे ठरविण्यापूर्वी त्या शेजाराचे ऋण मोजणे अधिक अगत्याचे आहे.