तटावरचे एक पान

लांबचा प्रवास घडला की प्रवासवर्णन आपोआप सकस उतरते, असा एक समज आपल्याकडे रूढ आहे. गोडसे भटजींचा ‘माझा प्रवास’ समोर ठेवला की तो टिकत नाही. वरसईचा हा भिक्षुक १८५७ साली दक्षिणेच्या आशेने उत्तरेकडे निघाला आणि बंडाच्या धामधुमीत सापडला. परंतु आपण कोण, कशासाठी निघालो आणि घरी काय न्यायचे आहे, याचा त्यास कधी विसर पडला नाही. म्हणूनच आईवडिलांच्या स्नानासाठी त्याने वाहून आणलेली गंगेची कावड झाशीच्या वेढ्याइतकीच वाचकाच्या स्मरणात राहते. ज्यास स्वतःचे घर नीट ठाऊक आहे, त्यासच परका मुलूख नीट दिसतो.

येळ्ळूरच्या एका तरुणाचे हस्तलिखित नुकतेच आमच्याकडे अभिप्रायार्थ आले, तेव्हा या गोष्टीची पुन्हा आठवण झाली. ग्रामीण साहित्य संमेलनाची परंपरा सांभाळणाऱ्या गावातून असे लेखन यावे, याचा आम्हांस आनंद आहे. चीनमधील शान्शी प्रांतातल्या पिंगयाओ या प्राचीन नगरास, पाठीवर एक पिशवी टाकून आगगाडीने केलेला प्रवास हा त्याचा विषय.

यातील उत्तम भाग आगगाडीचा आहे. बीजिंगहून वेगवान गाडीने पिंगयाओस चारएक तासांत पोहोचता येते. आमच्या लेखकाने रात्रीची साधी गाडी धरली. एका कप्प्यात समोरासमोर तीन-तीन फळ्या, डब्याच्या टोकाशी उकळत्या पाण्याचा बंब, हातांत चहाची झाकणबंद भांडी घेऊन त्याकडे जाणारी माणसे, आणि भाषेचा एकही शब्द कळत नसताना शेजारच्या आजीने पुढे केलेल्या सूर्यफुलाच्या बिया. देसूरच्या स्थानकावर गाडीची वाट पाहत वाढलेल्या मुलाने हे सारे निवांतपणे टिपले आहे. येथे त्याच्यापाशी तयार उपमा नव्हती. म्हणून त्यास नीट पाहावे लागले आणि जे पाहिले ते खरे उतरले.

नगरात शिरल्यावर मात्र उपमांची रेलचेल सुरू होते. पिंगयाओचा आजचा तट १३७० सालच्या बांधणीचा. घेर सुमारे ६ किलोमीटर, वर ७२ टेहळणीचे मनोरे आणि ३००० चर्या. कन्फ्यूशियसचे ७२ सच्छिष्य आणि ३००० अनुयायी यांची ती संख्या, असे परंपरा सांगते. १९९७ साली हे नगर जागतिक वारशाच्या यादीत आले. २०२१ च्या ऑक्टोबरात अतिवृष्टीने या तटाचा एक भाग ढासळला, हेही लेखकाने नोंदवले आहे. पण लागलीच तो लिहितो की हा त्यांचा राजहंसगड, ही त्यांची हुंडी, ही त्यांची ग्रामदेवता. आणि पुढे चालू लागतो.

उपमेस आमचा विरोध नाही. अनोळखी वस्तूकडे जाण्याचा तो पहिला दरवाजा आहे. पण पुष्कळ लेखक दरवाजातच बैठक मारतात. हुंडीचे उदाहरण घ्या. पिंगयाओच्या ‘रिशंगछांग’ या पेढीने १८२३ च्या सुमारास रंगाच्या व्यापारातून बाहेर पडून चलनपत्रांचा व्यवहार आरंभिला. रुप्याच्या गाड्या वाटमारीच्या भयात हाकण्यापेक्षा एका गावी रक्कम भरावी आणि दूरच्या गावी पत्र दाखवून घ्यावी. रक्कम व तारीख गुप्त सांकेतिक अक्षरांत लिहावी. हुंडीशी असलेले साम्य येथे खरे आहे. लेखकाने ते दाखवून पुढे हेही सांगितले की ही पेढी दूरदूरच्या शहरांतल्या आपल्या शाखांवर आपल्याच प्रांतातली माणसे नेमून धाडी. साम्याबरोबर वेगळेपण सांगितल्यामुळे हे पान जमले आहे.

ग्रामदेवतेचे पान तसे जमलेले नाही आणि आमचा मुख्य आक्षेप येथेच आहे. पिंगयाओत मुख्य रस्त्याच्या पश्चिम अंगास न्यायाधिकाऱ्याची कचेरी आणि पूर्व अंगास नगरदेवाचे मंदिर आहे. या देवास छंग-ह्वांग म्हणतात. ‘छंग’ म्हणजे तट आणि ‘ह्वांग’ म्हणजे खंदक. ज्या तटावरून आमचा लेखक तास दोन तास हिंडला, त्या तटाचेच नाव देवास आहे, हे त्याच्या लक्षात आले नाही. शिवाय हा देव अधिकारी आहे. पुष्कळ नगरांत एखाद्या सच्छील मृत पुरुषासच हे पद मिळाल्याचे मानीत. चौदाव्या शतकात मिंग घराण्याच्या पहिल्या सम्राटाने या देवांस दरबारी अंमलदारांसारखे दर्जे लावून दिले होते. नवा न्यायाधिकारी रुजू होताना या देवासमोर जाई. दृश्य जगाचा कारभार पश्चिमेकडच्या कचेरीत, अदृश्याचा पूर्वेकडच्या मंदिरात, अशी ती वाटणी आहे.

आता येळ्ळूरची चांगळेश्वरी पाहा, किंवा आमच्या गोमंतकीय वाचकांची सातेरी. सातेरी तर वारुळाच्या रूपात पुजली जाते. तिला ना झगा, ना शिक्का. तिला कोणत्या सम्राटाने नेमले? बेळगाव परिसरातील गावे आजही देवीचे वार पाळतात. त्या दिवशी शेतात नांगर जात नाही, आणि त्यासाठी कोणत्याही कचेरीचा हुकूम लागत नाही. या मुलखाने आदिलशाही पाहिली, मराठेशाही पाहिली, इंग्रजी अंमल पाहिला. १ नोव्हेंबर १९५६ रोजी तो मुंबई राज्यातून म्हैसूर राज्यात गेला. दर वेळी अंमलदार बदलले, कागदांची भाषा बदलली. देवीची बदली मात्र कोणास करता आली नाही, कारण तिची नेमणूकच कोणी केलेली नव्हती.

हे वेगळेपण लेखकास पिंगयाओतच सापडले असते. नगरदेवाच्या त्या दरबारी थाटासमोर क्षणभर उभा राहून त्याने स्वतःस विचारले असते की आमची देवी अशी का बसत नाही, तर चिनी नगराबरोबर स्वतःचे गावही त्यास नव्याने उमगले असते. सीमेवर राहणाऱ्या माणसास हा प्रश्न केवळ वाङ्मयीन नाही. सर्व देव सारखेच, सर्व गावे सारखीच, असे म्हणणे उदारपणाचे दिसते. त्यात परक्याचे वैशिष्ट्य जाते आणि आपलेही जाते.

या कामी उत्तम गुरू चीनमधूनच आपल्याकडे येऊन गेला आहे. ह्युएनत्संग सातव्या शतकात, ६४१ च्या सुमारास, महाराष्ट्रात आला. तेव्हा येथे पुलकेशी राज्य करीत होता. ६४५ साली तो छांगआन नगरास, म्हणजे आजच्या शीआनला परतला आणि पुढल्याच वर्षी त्याचा प्रवासग्रंथ सिद्ध झाला. महाराष्ट्राविषयी लिहिताना ही माणसे आमच्यासारखीच, असे म्हणून त्याने पान उलटले नाही. ती मानी आहेत, उपकार स्मरतात, अपमान विसरत नाहीत, हल्ल्यापूर्वी शत्रूस सूचना देतात, लढाईत हत्तींना मद्य पाजतात, हे त्याने नोंदवले. जमीन कशी, हवा कशी, एका राज्यापासून दुसरे किती अंतरावर, हेही लिहिले. तो धर्मयात्रिक होता. यात्रेकरूस डोळे मिटून चालता येत नाही, हे त्याच्याकडून शिकावे.

लेखकास आमचे एवढेच सांगणे आहे. आगगाडीची पाने जशी आहेत तशी राहू द्यावीत; त्यांत एक शब्दही बदलू नये. नगरदेवाचे पान मात्र फाडून पुन्हा लिहावे. त्यासाठी पुन्हा पिंगयाओस जाण्याचे कारण नाही. चांगळेश्वरीच्या देवळात सांजवेळी जी वृद्ध मंडळी बसतात, त्यांच्याजवळ जाऊन गावचे वार कोण ठरवतो, कसे ठरवतो, एवढे विचारून यावे. मग लेखणी हाती घ्यावी.