'ही' आणि 'महिला'

एका साहित्य मेळाव्यात माझी ओळख 'दलित महिला प्राध्यापिका' अशी करून देण्यात आली. शेजारी बसलेले सहकारी नुसतेच 'प्राध्यापक' होते. त्यांना एक शब्द पुरला, मला तीन लागले. वास्तविक 'प्राध्यापिका' म्हटल्यावर बाई आलीच. तरी 'महिला' जोडले गेले, कारण त्या खुर्चीवर बाई, तीही आमच्या वस्तीतली, भाषेने गृहीत धरलेली नव्हती.

माझी आई जन्मभर लोकांच्या शेतात खुरपायला गेली. 'महिला सुईण', 'महिला मोलकरीण' असे कोणी म्हणत नाही. जिथे आमची जागा समाजाने आधीच नेमून ठेवली आहे, तिथे विशेषणाची गरज पडत नाही.

'ईण' हा प्रत्यय पाहा. पाटलीण म्हणजे पाटलाची बायको. पाटीलकी तिची नव्हे. मास्तरीण शिकवणारी असेल, नाहीतर मास्तरांची बायको. तोच प्रत्यय महारीण, मांगीण या शब्दांत मात्र जात पक्की करतो. अधिकार नवऱ्याचा, जात मात्र तिची स्वतःची! २००७ साली प्रतिभा पाटील राष्ट्रपती झाल्या तेव्हा या पदनामातल्या 'पती'वर चर्चा झाली. पती म्हणजे स्वामी. स्वामी पुरुषच असणार, हे शब्दाने आधीच ठरवून टाकले होते.

आपले घरही यातून सुटलेले नाही. उर्मिला पवार आणि मीनाक्षी मून यांनी आंबेडकरी चळवळीतल्या स्त्रियांचा इतिहास १९८९ साली पुढे आणला. त्या ग्रंथाचे नाव 'आम्हीही इतिहास घडवला'. यातला 'ही' लिहिण्याची पाळी त्यांच्यावर कोणी आणली? आपल्याच इतिहासकारांनी. बेबीताई कांबळे यांनी 'जिणं आमुचं' (१९८६) मध्ये सबंध समाजाचे जिणे मांडले. तरी आपली समीक्षा त्याला 'दलित स्त्रीचे आत्मकथन' म्हणून वेगळ्या कप्प्यात ठेवते. पुरुषांनी लिहिलेली मात्र नुसती 'दलित आत्मकथने'. म्हणजे 'दलित' या शब्दातही आपण पुरुषच गृहीत धरला आहे.

ही खूण सगळीकडूनच पुसा, असे माझे म्हणणे नाही. मजुरीच्या हिशेबात, नोकरभरतीत बाया किती आणि त्यांना मिळते किती, हे मोजण्यासाठी ती हवीच. पण नवल दाखवण्यासाठी ती नको. प्रस्थापितांना आपण त्यांची भाषा तपासायला सांगतो. मग पुढच्या मेळाव्याची पत्रिका छापण्याआधी आपलीही तपासू या.