महामार्गावरची अक्षरे : आवड आणि मोजमाप

रेल्वे इंजिनांचे वेड असणारी माणसे जशी जगात सगळीकडे आढळतात, तशी रस्त्यांचे वेड असणारीही आढळतात. अमेरिकेत अशा हौशी मंडळींचा वर्ग बराच मोठा आहे. महामार्गांचे क्रमांक टिपायचे, फलकांची छायाचित्रे काढायची आणि फलकांवरच्या अक्षरांविषयी हिरिरीने वाद घालायचा, हा त्यांचा छंद. ‘हायवे गॉथिक’ हे जुने अक्षरवळण चांगले, की ‘क्लिअरव्ह्यू’ हे नवे, या प्रश्नावर त्यांच्यात २००४ पासून दोन तट पडलेले आहेत. या वादातील मतांची परीक्षा करावी असे आम्हांला वाटते. वरवर पाहता वाद अक्षरांचा आहे. पण पुरावा कशाला म्हणावे, हा त्याचा खरा गाभा आहे. शिवाय रात्री वेगाने गाडी चालवणाऱ्या माणसाला, विशेषतः उतारवयातल्या माणसाला, फलक वेळेवर वाचता आला नाही तर तो ऐन वेळी मार्गिका बदलतो. अपघात होतात ते अशाच क्षणी.

दोन अक्षरवळणे

हायवे गॉथिकची अक्षरे अमेरिकेच्या संघीय रस्ते विभागाने १९४८ साली प्रमाण म्हणून प्रसिद्ध केली. त्यांत अरुंद ते रुंद अशा अनेक मालिका होत्या. महामार्गावरच्या मोठ्या फलकांसाठी यांतील ‘ई’ मालिकेचे एक सुधारित रूप कॅलिफोर्नियात तयार झाले. त्यातील रेघ मुद्दाम जाड ठेवली होती, कारण त्या काळी अक्षरांच्या रेघेत प्रकाश परतवणारी छोटी बटणे बसवत आणि बटण मावायला जाड रेघ लागे. पुढे बटणे गेली. त्यांच्या जागी दिव्याचा प्रकाश आल्या वाटेने परत पाठवणारे चकचकीत पत्रे आले. रेघ मात्र जाडच राहिली.

इथे अडचण उभी राहते. गर्द हिरव्या पाटीवरचे पांढरे अक्षर रात्री गाडीच्या दिव्यात झळाळते. डोळ्याच्या भिंगात आणि पडद्यावर हा प्रकाश थोडा पसरतो. त्यामुळे रेघ आहे त्याहून जाड दिसते आणि अक्षराच्या पोटातील मोकळी जागा बुजू लागते. इंग्रजीतील लहान ‘ई’, ‘ए’ आणि ‘एस’ ही अक्षरे मग एकमेकांसारखी दिसतात. वय वाढते तसे डोळ्याचे भिंग गढूळ होत जाते आणि हा परिणामही वाढतो.

हा दोष घालवण्यासाठी डॉन मीकर आणि जेम्स मोंटॅल्बानो या अक्षररचनाकारांनी पेनसिल्व्हेनियातील संशोधकांच्या मदतीने १९९० नंतरच्या दशकात क्लिअरव्ह्यू तयार केले. त्यात रेघ बारीक, पोटातील पोकळी मोकळी आणि लहान अक्षरांचे अंग मोठे ठेवले. कल्पना तर्कशुद्ध होती. आता हौशी मंडळी तिच्याविषयी काय म्हणतात ते पाहू.

मतांचे तीन प्रकार

या मतांची प्रतवारी केली तर त्यांचे तीन प्रकार होतात. पहिला प्रकार आवडीचा. हायवे गॉथिक भारदस्त आहे, क्लिअरव्ह्यू किरकोळ दिसते. किंवा उलट, जुने ओबडधोबड आहे आणि नवे सुबक आहे. असे मत बाळगायला कोणाची हरकत नाही, पण १५० मीटरवरून कोणते अक्षर वाचता येते हे त्यातून कळत नाही.

दुसरा प्रकार सवयीचा. लहानपणापासून पाहिलेले अक्षर ‘सहज वाचता येते’ असे वाटते आणि नवे अक्षर ‘परके’ वाटते. हा अनुभव खोटा नसतो, पण तो अक्षराचा गुण सांगतो की आपल्या सरावाचा, हे नुसत्या अनुभवावरून ठरवता येत नाही.

तिसरा प्रकार निरीक्षणाचा, आणि तो आम्हांला मोलाचा वाटतो. क्लिअरव्ह्यूला परवानगी होती ती गडद पाटीवरच्या फिक्या अक्षरांपुरती. प्रत्यक्षात काही ठिकाणी ते पांढऱ्या किंवा पिवळ्या पाटीवर काळ्या रंगातही वापरले गेले. हौशी लोकांनी असे फलक हुडकून त्यांची छायाचित्रे जमवली. ही तक्रार शास्त्रीयदृष्ट्या योग्य होती. काळ्या अक्षरात सारे उलट घडते : झळाळते ती पाटी, आणि तिचा प्रकाश अक्षराच्या रेघेवर आक्रमण करतो. मुळात बारीक असलेली रेघ आणखी बारीक दिसते. एकीकडे जो गुण, तोच दुसरीकडे दोष ठरतो.

म्हणजे या मंडळींचे डोळे चांगले आहेत. गफलत होते ती निरीक्षणावरून निष्कर्षाकडे जाताना. एक वाईट फलक दिसला की अख्खे अक्षरवळण वाईट ठरवायचे, ही घाई दोन्ही तटांत आढळते.

बेन्सनची चाचणी

असाच वाद ब्रिटनमध्ये आधी होऊन गेला होता. तेथील पहिला मोटारमार्ग, म्हणजे प्रेस्टन गावाला वळसा घालणारा रस्ता, ५ डिसेंबर १९५८ रोजी खुला झाला. त्यावरच्या फलकांची अक्षरे जॉक किनीअर आणि मार्गारेट कॅल्व्हर्ट यांनी घडवली होती. शब्दाचे पहिले अक्षर मोठे, बाकीची लहान आणि रेघांच्या टोकांना पाय नाहीत, असे ते वळण. डेव्हिड किंडर्स्ली या नामांकित अक्षरकाराला ते पसंत पडले नाही. त्याने सगळी मोठी आणि टोकांना पाय असलेली अक्षरे सुचवली. एका पक्षाचे म्हणणे, लहान अक्षरांमुळे शब्दाला विशिष्ट आकार येतो आणि तो दुरून ओळखता येतो. दुसऱ्याचे म्हणणे, टोकांच्या पायांमुळे अक्षर ठसठशीत होते. दोन्ही युक्तिवाद ऐकताना पटतात. आणि पटणारे दोन युक्तिवाद समोरासमोर आले की मोजण्यावाचून मार्ग उरत नाही.

रस्ते संशोधन प्रयोगशाळेने बेन्सन येथील विमानतळाच्या मोकळ्या जागेवर चाचणी घेतली. निरीक्षक उंच बैठकीवर बसले आणि टपावर फलक लावलेली मोटार त्यांच्याकडे चालत आली. कोणता फलक किती अंतरावरून वाचता आला याची नोंद झाली. १९६१ साली निष्कर्ष प्रसिद्ध झाले. किंडर्स्लीची अक्षरे सुमारे ३ टक्के जास्त अंतरावरून वाचता आली, पण हा फरक इतका लहान होता की निवड दिसण्यावर करायला हरकत नाही, असे संशोधकांनी म्हटले. पुढे १९६५ पासून किनीअर आणि कॅल्व्हर्ट यांचीच अक्षरे ब्रिटनभर लागू झाली. मोजमापाने इथे कोणाला विजयी केले नाही. ज्या फरकासाठी लोक भांडत होते तो किती लहान आहे, एवढे त्याने दाखवले. मोजण्याचा हाही एक उपयोग आहे.

१६ टक्क्यांचा अर्थ

क्लिअरव्ह्यूच्या बाजूने सर्वांत जास्त सांगितला जाणारा आकडा १६ टक्क्यांचा. रात्रीच्या वेळी शब्द तितक्या जास्त अंतरावरून ओळखता आले, असे सुरुवातीच्या एका चाचणीत दिसले होते. आकडा खरा आहे, पण तो कशाचा आहे हे विचारले पाहिजे. एक तर ही चाचणी ‘ओळखण्याची’ होती. कोणते नाव शोधायचे हे निरीक्षकाला आधी माहीत होते. अनोळखी शब्द अक्षरे लावून वाचणे हे वेगळे काम आहे. दुसरे म्हणजे, ज्या रूपाला हे यश मिळाले ते १२ टक्के मोठे केलेले होते. क्लिअरव्ह्यू कमी जागेत बसत असल्यामुळे फलक न वाढवता ते मोठे करता येत होते. व्यवहारात हा फायदाच आहे. मात्र अंतर वाढले ते आकारामुळे किती आणि घडणीमुळे किती, हे या आकड्यावरून वेगळे काढता येत नाही.

अमेरिकेच्या संघीय महामार्ग प्रशासनाने २००४ साली क्लिअरव्ह्यूला तात्पुरती परवानगी दिली आणि अनेक राज्यांनी ते स्वीकारले. जानेवारी २०१६ मध्ये परवानगी मागे घेण्यात आली. प्रशासनाचे म्हणणे असे, की नव्या अक्षरांचे नवे कोरे फलक जुन्या, झिजलेल्या फलकांशेजारी ठेवले की नवे उजळ दिसणारच. सुधारणेचे बरेचसे श्रेय नव्या पत्र्याच्या चकाकीला जाते. २०१८ साली अमेरिकी संसदेच्या कायद्यामुळे परवानगी पुन्हा लागू झाली. त्या वेळी एका तटाने जल्लोष केला, दुसऱ्याने हळहळ व्यक्त केली. पण संसदेच्या निर्णयाने अक्षर वाचण्याचे अंतर एका सेंटिमीटरनेही बदलत नाही, हे दोन्ही तट विसरले असे आम्हांला वाटते.

थोडे गणित करून पाहू. निरोगी डोळ्याला अक्षर ओळखण्यासाठी त्याची उंची सुमारे ५ कलांचा कोन करावी लागते (१ कला म्हणजे अंशाचा ६० वा भाग). यावरून १ सेंमी उंचीचे अक्षर जास्तीत जास्त सुमारे ७ मीटरवरून वाचता येईल. अमेरिकेत पूर्वी १ सेंमीला ६ मीटर हा ठोकताळा होता. वृद्ध चालकांचा विचार करून २००९ च्या नियमपुस्तकात तो सुमारे ३.६ मीटरवर आणला गेला. ३० सेंमी उंचीचे अक्षर घेतले तर जुन्या हिशोबाने १८० मीटर आणि नव्या हिशोबाने १०८ मीटर अंतर मिळते. ताशी १०० किमी वेगाने गाडी सेकंदाला सुमारे २८ मीटर जाते. म्हणजे वाचायला मिळणारा वेळ साडेसहा सेकंदांवरून चारच्याही खाली येतो. १६ टक्के वाढ पूर्णपणे मान्य केली तरी तिने भर पडते ती सुमारे ०.६ सेकंदाची. ही भर क्षुल्लक नाही. पण डोळ्यांतील फरकाने अडीच सेकंद जात असताना अक्षराची उंची, पत्र्याची चकाकी आणि झिजलेले फलक वेळेवर बदलणे यांचे महत्त्व अधिक आहे. छायाचित्रांच्या वादात या रुक्ष गोष्टींना जागा मिळत नाही, हा या हौशी टीकेतील सर्वांत मोठा उणेपणा होय.

वर्गात काय करता येईल?

हा वाद परदेशातला आणि रोमन लिपीचा असला, तरी त्यातील प्रश्न देवनागरीलाही लागू आहे. ‘व’ आणि ‘ब’ यांत फरक आहे तो पोटातील एका तिरप्या रेघेचा. ‘घ’ आणि ‘ध’, ‘म’ आणि ‘भ’ यांत फरक आहे तो मुख्यतः शिरोरेषेजवळच्या फटीचा आणि गाठीचा. लांबून बुजतात त्या नेमक्या ह्याच जागा.

‘वाई–बाई’, ‘घाम–धाम’, ‘मार–भार’ अशा जोड्या २ सेंमी उंचीच्या अक्षरांत, जाड आणि बारीक अशा दोन वळणांत लिहाव्यात. कागद, शाई, अक्षराची उंची आणि उजेड एकच ठेवावा. विद्यार्थ्यांना आधी विचारावे की कोणते वळण लांबून वाचता येईल, आणि त्यांची मते लिहून ठेवावीत. मग शाळेच्या मैदानावर कार्डे पिसून एकेक दाखवावे, विद्यार्थ्याने सुमारे २० मीटरवरून हळूहळू पुढे यावे आणि शब्द बरोबर वाचता येताच थांबावे. अंतर टेपने मोजावे. प्रत्येकाची तुलना त्याच्या स्वतःच्याच दोन अंतरांशी करावी, म्हणजे डोळ्यांतील फरक आड येणार नाही. दुसऱ्या फेरीत शब्द आधी सांगून तो कोणत्या कार्डावर आहे हे ओळखायला लावावे. वाचणे आणि ओळखणे यांतला भेद त्यातून आपोआप कळेल.

शेवटी आधीची मते आणि नंतरची अंतरे फळ्यावर शेजारी शेजारी मांडावीत. काहींची मते बरोबर निघतील, काहींची चुकतील. ज्यांची बरोबर निघाली त्यांनाही विचारावे, ‘मोजण्यापूर्वी हे तुला कसे माहीत होते?’ या प्रश्नावर वर्गात जी चर्चा होईल, ती या प्रयोगातून मिळणाऱ्या आकड्यांइतकीच महत्त्वाची आहे.