सायरीनची गोष्ट कुणी सांगितली?

ग्रीक लोक समुद्रापार का गेले, असं विचारलं की पाठ्यपुस्तकातलं उत्तर तयार असतं: लोकसंख्या वाढली, जमीन अपुरी पडली. आज आपण हे उत्तर एका गावावर तपासून बघू. गाव आहे लिबियातलं सायरीन, स्थापना साधारण इ.स.पू. 631. आणि आपला साक्षीदार हिरोडोटस, त्याचं चौथं पुस्तक.

आधी एक शब्द बाजूला ठेवू. 'वसाहत' म्हटलं की आपल्याला इंग्रजांचं राज्य आठवतं. ग्रीक शब्द आहे 'अपोइकिया', म्हणजे घरापासून दूर केलेलं घर. असं गाव बहुधा पहिल्या दिवसापासून स्वतंत्र असायचं. मूळ गावाशी नातं देवाधर्माचं, आठवणींचं, हुकुमाचं क्वचितच.

आता गोष्ट. थेरा बेटावर, म्हणजे आजच्या सँटोरिनीवर, सात वर्षं पाऊस पडत नाही. डेल्फीची देववाणी सांगते, लिबियात गाव वसवा. मग भावाभावांत चिठ्ठ्या टाकून माणसं निवडतात आणि पन्नास वल्ह्यांची दोन जहाजं निघतात. ही झाली थेराची बाजू. सायरीनचे लोक वेगळंच सांगतात: बॅटस तोतरा होता, आवाजावर उपाय विचारायला डेल्फीला गेला आणि गाव वसवायची आज्ञा घेऊन आला.

हिरोडोटसचं मोठेपण इथे आहे. दोन्ही बाजू तो शेजारी शेजारी ठेवतो. थेराच्या गोष्टीत निर्णय गावाचा, सायरीनच्या गोष्टीत नायक आपला पहिला राजा. ज्याला जे हवं, ते त्याच्या गोष्टीत आलं.

पण जरा हिशेब करू. दोन जहाजांत माणसं किती मावणार? फार तर दोनेकशे. एवढ्यांनी बेटाची गर्दी कितीशी कमी होणार? खरी खूण 'भावाभावांत' या शब्दात आहे. ग्रीकांत बापाची जमीन मुलांत सारखी वाटली जायची. म्हणजे प्रश्न डोक्यांच्या संख्येपेक्षा वाटण्यांचा होता. कोणत्या भावाने वाटा सोडायचा? हे आपल्याला समजवायला नको. सातबाऱ्यावरची नावं वाढत जातात तेव्हा घरात काय होतं, आपण बघतोच.

पुढचा प्रसंग तर बोचणारा आहे. ही माणसं थकून परत आली, तेव्हा थेराच्या लोकांनी त्यांच्यावर मारा केला, किनाऱ्याला लागू दिलं नाही. सायरीनला मात्र इ.स.पू. चौथ्या शतकातला एक शिलालेख सापडला आहे. त्यात वसाहतकऱ्यांची जुनी शपथ म्हणून असं कलम येतं की पाच वर्षांत जम बसला नाही, तर परत यायला मोकळीक. जायला नकार दिला, तर मात्र मृत्युदंड. कलम अस्सल की नंतर रचलेलं, यावर वाद आहे. पण 'चला, नवी जमीन शोधू' असा उत्साह दोन्हीकडे दिसत नाही.

आता हिरोडोटस कुठे कमी पडतो? देववाणी आली की त्याचं कारण शोधणं थांबतं. आणि लिबियन लोक सुरुवातीला फक्त वाटाडे म्हणून येतात. चांगली जागा दाखवतो म्हणून ते ग्रीकांना घेऊन जातात आणि वाटेतला सर्वांत सुंदर भाग रात्रीच्या अंधारात पार करवतात, यांना दिसू नये म्हणून! या एका वाक्यात केवढा संशय भरलेला आहे, बघा. दोन पिढ्यांनी तो खरा ठरतो. देववाणीच्या आवाहनावरून नवे ग्रीक येतात, लिबियनांच्या जमिनी जातात, ते इजिप्तच्या राजाकडे दाद मागतात आणि इजिप्तची फौजही हरते.

वसाहतीला गेलेल्या बायकांबद्दल स्थापनेच्या गोष्टीत काहीच नाही. पण बऱ्याच पुढे हिरोडोटस सहज लिहून जातो की सायरीनच्या बायका गाईचं मांस खात नाहीत, इसिस देवीसाठी उपास करतात. हीच चाल शेजारच्या लिबियनांची. म्हणजे ग्रीक घरांत लिबियन आया, आज्या असाव्यात, असा अंदाज करायला जागा आहे. गोष्टीने जे सांगितलं नाही, ते स्वयंपाकघराने सांगितलं.

तेव्हा 'का गेले' हा प्रश्न आपण थोडा बदलून विचारू: कुणाला पाठवलं, आणि कुणाच्या जमिनीवर? हिरोडोटस उत्तर एका जागी देत नाही. पण ते लपवतही नाही. म्हणून तो पुन्हा पुन्हा वाचायचा.

पुढच्या वेळी नॉक्रॅटिस, जिथे ग्रीकांना फॅरोच्या परवानगीने राहावं लागलं.