गोजिरा आणि गोगोला

जपानी ‘गोजिरा’ २०२४ च्या भाऊबिजेला सत्तर वर्षांचा झाला. मराठी कानाला हे नाव लाडाचे वाटते. जपानीत मात्र ते गोरिला आणि ‘कुजिरा’, म्हणजे देवमासा, यांच्या जोडातून घडले. इशिरो होंडा दिग्दर्शित हा चित्रपट ३ नोव्हेंबर १९५४ रोजी प्रदर्शित झाला. त्याच वर्षी १ मार्चला अमेरिकेने बिकिनी बेटांवर हायड्रोजन बॉम्बची चाचणी केली आणि तिची राख एका जपानी मासेमारी नौकेवर पडली. नौकेवर २३ जण होते. त्यांतला बिनतारी यंत्रचालक सप्टेंबरात दगावला. चित्रपटाच्या सुरुवातीलाच समुद्रात एक जहाज एकाएकी जळून बुडते. जपानी प्रेक्षकाला याहून जास्त सांगावे लागले नसणार. राक्षसाच्या पोशाखात माणूस आहे हे दिसतेच. पण इस्पितळात एका लहान मुलासमोर किरणोत्सार मोजण्याचे यंत्र धरले जाते आणि डॉक्टर मान हलवतो, तिथे हसू येत नाही. माझ्या मते चित्रपट उभा आहे तो या प्रसंगावर, टोकियोच्या पडझडीवर नव्हे. १९५६ च्या अमेरिकी आवृत्तीत रेमंड बर हा गोरा पत्रकार घुसवला गेला आणि बॉम्बचे उल्लेख पातळ झाले. जगभर पोचला तो बराचसा हा पातळ केलेला गोजिरा.

आपल्याकडे १९६६ मध्ये बलवंत दवे यांनी ‘गोगोला’ काढला. आझाद आणि तबस्सुम त्यात होते. राक्षस समुद्रातून निघून मुंबईवर येतो. नावावरूनच उसनवारी उघड आहे. (बाबूभाई मिस्त्रींच्या १९६२ च्या ‘किंग काँग’मध्ये तर माकडाऐवजी दारासिंग होता!) पण ‘नक्कल’ म्हणून गोगोलाला निकालात काढणाऱ्यांनी तो पाहिलेला नसतो. पाहणार कसा? त्याची प्रत आज उपलब्ध नाही. मागे उरली आहेत गाणी. तलत महमूद आणि मुबारक बेगम यांचे त्यातले द्वंद्वगीत जुन्या गाण्यांचे शौकीन अजून आवडीने ऐकतात, आणि त्या हळुवार चालीतून समुद्री राक्षसाचा वासही येत नाही.

‘आलम आरा’ हरवला म्हणून आपण हळहळतो. तो १९३१ चा, चटकन पेट घेणाऱ्या नायट्रेट फिल्मच्या काळातला. गोगोलाला ती सबब नाही. तो आला तेव्हा सुरक्षित फिल्म रुळली होती, पुण्यात राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय सुरू होऊन दोन वर्षे झाली होती. पण मारधाडीचे, चमत्काराचे चित्रपट जपायचे असतात असे निर्मात्याला वाटत नव्हते, वितरकाला नाही आणि समीक्षकाला तर मुळीच नाही. कृष्णधवल रिळे चांदी काढण्यासाठी भंगारात जात. मुंबईवर आलेल्या त्या राक्षसात आपली कोणती भीती होती, की भीती नव्हतीच, नुसती करमणूक होती, हे आता रिळावरून ठरवता येत नाही.

राहतात त्या थिएटरबाहेर विकल्या जाणाऱ्या गाण्यांच्या चोपड्या. त्यांत कथासार असे, पात्रांची नावे असत. आमच्या जालन्यासारख्या गावांत त्या अजूनही जुन्या ट्रंकांतून, रद्दीच्या गठ्ठ्यांतून निघू शकतात. कुणाकडे ‘गोगोला’ची निघाली, तर ती किलोच्या भावाने देण्याआधी तिच्या पानांचे फोटो तरी काढून ठेवावेत.